पाठीवर बांधलेलं जाकीट

बुडी मारून वर आलेला माणूस आधी श्वास घेतो. कुत्रंसुद्धा पाण्यातून निघालं की आधी अंग झाडतं, मग इकडेतिकडे पाहतं. ओमप्रकाशने आधी माझ्या लेकीकडे, नलूकडे पाहिलं. श्वास नंतर घेतला. हे वागणं मला तेव्हाच खटकलं आणि तिथेच, विहिरीच्या काठावर, मी ते त्याच्या मामाला ऐकवलंसुद्धा.

गोष्ट ब्याऐंशी सालची, आमच्या वडनेरची. पोळा नुकताच झाला होता. पाऊस थांबल्यासारखं करायचा आणि पुन्हा भुरभुरायचा. घरामागच्या वाडीतली विहीर चांगली भरली होती. पाणी ओढताना नलूने पितळेची गुंडी, म्हणजे आमची पाण्याची घागर, आत घालवली. माझ्या माहेरची गुंडी होती ती. लोखंडी आकडा टाकून पुष्कळ ढवळून पाहिलं, चिखलाशिवाय काही वर येईना. तेव्हा शेजारचे रूपराव म्हणाले, माझा भाचा सुट्टीवर आला आहे, त्याला सांगतो.

भाचा हिंगणघाटचा, गिरणी कामगाराचा पोरगा. मुंबईच्या समुद्रात तेल काढतात, तिथे पाण्याखाली जाऊन लोखंडाचे खांब तपासायची नोकरी करतो, असं मामा सांगत. आता आमच्या वर्धा जिल्ह्यात समुद्र पाहिलाय कोणी? तेव्हा त्याबद्दल कोणी काहीही सांगावं आणि आम्ही ऐकावं.

तो आला, सदरा काढून मामाच्या हातात दिला आणि पाण्यात गेला. आवाजही झाला नाही. मग वरच येईना. रूपराव देवाचं नाव घ्यायला लागले. नलूने विहिरीचा खांब दोन्ही हातांनी इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या कोपराकडे सरकल्या होत्या. मग पाणी हललं, गुंडी वर आली, गुंडीमागून डोकं आलं. आणि मी म्हणते ते पाहणं झालं.

"हीच ना?" त्याने विचारलं.

"दुसरी कोणाची असंल?" नलू म्हणाली.

"खाली अजून एक लोटा दिसून राह्यला."

"तो राहू द्या…" पोट्टी पदराच्या टोकाशी खेळत म्हणाली, "उद्याले लागंल."

त्यानंतर आमच्या घरातली भांडी विहिरीत पडायचं प्रमाण फार वाढलं. कधी लोटा, कधी कळशी, एकदा तर पोहे भिजवायची चाळणी. चाळणी घेऊन विहिरीवर कोणी जातं का? मी दोराच्या गाठी स्वतः मारायला लागले. तेव्हा भांडी पडायची थांबली आणि कुंपणाच्या भिंतीशी बोलणं सुरू झालं.

मी चोरून ऐकणाऱ्यातली नाही. पण बरबटीच्या शेंगा निवडायला मला भिंतीजवळच उजेड बरा पडायचा, त्याला माझा इलाज नाही.

नलूने विचारलं, एवढ्या खोल जाता, बुडायची भीती नाही वाटत का? तो म्हणाला, बुडायची नाही, वर यायची वाटते.

"काऊन?"

"घाईनं वर आलं की माणूस मरते. हळूहळू या लागते. मधात थांबा लागते."

"मग थांबा ना," नलू म्हणाली.

"थांबूनच तर राह्यलो…" तो म्हणाला. कडुनिंबावरून पाण्याचे थेंब पडत राहिले. मी एक शेंग उगाच दोनदा निवडली. अशी बोलणी मला कळत नाहीत असं नाही. कळतात म्हणूनच तर संशय येतो. गोड बोलणारा माणूस काहीतरी झाकत असतो, हे मी घरच्यांना त्याच रात्री जेवताना सांगितलं. आमचे महादेवराव म्हणाले, मी तर तुझ्याशी कधी गोड बोललो नाही. मी म्हटलं, म्हणूनच टिकलं.

पितृपक्ष लागायच्या आत रूपराव आणि त्यांची बायको सुलोचना सोयरिकीची गोष्ट घेऊन आले. ओमप्रकाशही आला होता, धुतलेला सदरा घालून. माझ्याजवळ हिंगणीचं एक स्थळ तयार होतं. घरचं शेत, घरचा गोठा, पोरगा डोळ्यांसमोर राहणारा. त्यांचा निरोप दसऱ्याच्या आत द्यायचा होता. पण दारी आलेल्याला चहा न पाजता परत पाठवायची आमच्यात रीत नाही. चहा ठेवला आणि विचारायला बसले.

रूपराव कौतुकाने सांगू लागले. मागच्या हिवाळ्यात समुद्रात लहान नाव उलटली, हा आणि याचा एक सोबती लाटेबरोबर वाहत दूर गेले, आणि अख्खी रात्र हा पाण्यावर तरंगत राहिला. सकाळी दुसऱ्या बोटीने उचललं.

मी म्हटलं, रात्रभर हातपाय मारत कोणी राहत नाही.

"हातपाय मारायचेच नाई, मावशी," ओमप्रकाश म्हणाला. "मारले की दम जाते, अंगातली गरमी जाते. जाकीट फुगवायचं अन् गुमान राह्यचं."

मग त्याने जाकिटाचं सांगितलं. रबरी, नारिंगी, गळ्यात घालायचं. खाली हवेची चिमुकली बाटली. दोरी ओढली की फुस्स करून फुगतं, नाहीतर नळीने तोंडाने फुगवायचं. तेच जुनं जाकीट त्याने तिकडून मागून आणलं होतं, मामाच्या पोरांना दाखवायला. सगळे कान देऊन ऐकत होते. दाराआड नलूच्या बांगड्याही वाजत नव्हत्या.

मी विचारलं, "पडले दोघं. दुसऱ्याचं काय झालं?"

तो कपात पाहू लागला. म्हणाला, "वाचला."

"कसा?"

"वाचला, मावशी."

"त्याच्यापाशीबी जाकीट होतं?"

त्यावर त्याने बशीत चहा ओतला आणि पावसाचं काहीतरी विचारलं. आत्तापर्यंत पाण्यासारखा बोलणारा पोरगा एकदम मुका. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. याने जाकीट घेतलं आणि त्या सोबत्याला सोडून दिलं, नाहीतर हे सगळंच खोटं. दोन्हीत पोट्टी द्यायची नाही. मी सांगितलं, विचार करून कळवते. सुलोचनाचं तोंड उतरलं. तो मात्र मला वाकून नमस्कार करून गेला. नमस्कारही मला जास्तीचा वाटला.

नलू रडली नाही. भाकरी थापत होती, ती थांबली आणि म्हणाली, "माय, तू म्हणशील त्या घरी जाईन मी. पण मनात कोण आहे हे मले कोणी विचारलं, तर खोटं नाई बोलणार." आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. असं बोलणारी पोरगी माझीच, दुसऱ्या कोणाची असणार? पण त्यामुळे माझं काम वाढलं. नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. खरं काय ते मला स्वतः पाहावं लागणार होतं.

पहिली गोष्ट, हातपाय न मारता माणूस तरंगतो का. तरंगत असेल तर निम्मी गोष्ट खरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलोचनाने ते जाकीट भिंतीवर वाळत घातलेलं दिसलं. गडीमाणसं निंदणाला शेतात होती, महादेवरावही तिकडेच. मी जाकीट उचललं आणि वाडीत गेले. नलू मागे धावत आली. तिला वाटलं मी ते विहिरीत फेकते आहे. मी पदर खोचून ते गळ्यात घालायला लागले तेव्हा ती घाबरली.

"माय, ते पुढून असते," ती म्हणाली. "फुगा छातीवर येते."

मी म्हटलं, मला शिकवू नको. वणा नदीच्या काठचं माझं माहेर. आम्ही सगळ्या पोरी तेलाचा रिकामा डबा पाठीला बांधून पोहायला शिकलो. वडनेरची पोरंही तशीच शिकतात. पोटावर ओझं बांधून कोणी पोहतं का? डबा काय, भोपळा काय, तरंगायची वस्तू पाठीलाच बांधायची असते. मी ते उलटं फिरवलं, फुग्याची बाजू पाठीवर घेतली, पट्टे पुढे आवळले आणि दोरी हातात धरून विहिरीत उतरायला लागले.

विहिरीला पायऱ्या नाहीत, दगडात पाय ठेवायच्या खोबण्या आहेत. त्यांवरून मी सून म्हणून आले तेव्हापासून उतरत आले आहे. पण त्या दिवशी शेवाळ होतं. पाय सटकला, घोटा दगडावर आपटला, आणि मी पाण्यात. पडता पडता दोरी ओढली.

फुस्स.

आणि मागून कोणीतरी मान धरून मला पाण्यात दाबलं. खरंच सांगते, मला तसंच वाटलं. डोकं वर काढावं तर पाठीवरचा फुगा मला पुन्हा तोंडावर पालथं करी. डबा पाठीवर असला की आपण पालथं पोहतो, ते ठीक. पण हा फुगा डब्याच्या तिप्पट, आणि अंगावर नऊवारी भिजून धोंड्यासारखी झालेली. वर नलूची किंकाळी ऐकू आली, ती पाण्यातून ऐकू आली, लांबून. मधूनमधून तोंड वर आलं तेव्हा मी काय काय ओरडले, ते मी इथे लिहिणार नाही.

मग कोणीतरी माझ्याजवळ पाण्यात उतरलं. एका झटक्यात मला उताणं केलं, पट्टा सोडला, जाकीट डोक्यावरून काढलं, फिरवून पुन्हा घातलं. मला आकाश दिसलं. गोल, विहिरीएवढं.

ओमप्रकाश होता. त्याने वर नलूला हाक मारून सांगितलं, मावशीच्या घोट्याला लागलंय, चढता येणार नाही, हा पाण्याचा दोर पुरणार नाही, शेतातून माणसं आण, मोटेचा जाड नाडा आण आणि एक बाज आण. नलू पळाली. आम्ही दोघं राहिलो, मी आणि ज्याला पोट्टी द्यायची नाही तो.

"हातपाय मारू नका," तो म्हणाला. "गुडघे वर घ्या. चुलीपुढं बसता ना, तसं बसा."

"पाण्यात बसू?"

"बसा. तुमचं काम जाकीट करते."

मी बसले. आणि खरंच, बुडाले नाही. मान मागे उशीवर ठेवल्यासारखी होती, तोंड वर. त्याने मला हात लावला नव्हता, जाकिटाची कडा तेवढी बोटांत धरली होती. थंडी वाजत होती. माझे दात वाजायला लागले तेव्हा तो म्हणाला, बोलत राहा, गप्प झालं की माणूस गळते.

"काय बोलू?"

"मले शिव्या द्या."

त्या मी दिल्या. मनापासून दिल्या. चाळणीपासून सुरुवात केली. तो हो हो करत ऐकत होता. शिव्या संपल्यावर माझं डोकं ठिकाणावर आलं आणि लक्षात आलं की या घटकेला हा बशीत चहा ओतू शकत नाही.

मी म्हटलं, "खोबण्या तुले दिसून राह्यल्या. तू चढून जा ना वर. मी तरंगतेच आहे."

"नाई. दोघं पाण्यात असले की एकानं दुसऱ्याले सोडून जायचं नाई."

"मग त्याले काऊन सोडलं?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे रागाने पाहिलं. म्हणाला, "नाई सोडलं. त्याचा हात मोडलता अन् जाकीट फाटलतं. हे एकच होतं. त्याच्या गळ्यात घातलं, मी पट्टा धरून राह्यलो."

"रात्रभर?"

"सकाळपर्यंत."

"मग त्या दिवशी चार लोकांत सांगाले काय झालतं? तुह्यी वाहवा झाली असती."

 विहिरीच्या भिंतीतून पाणी झिरपायचा आवाज येत होता.

"घाबरलेला माणूस रात्रीतून काय काय बोलते, मावशी. त्यानं मले शपथ घातली, कोणाले सांगशील नको. मी शूर होतो असं सांगितलं की तो भित्रा होते. तो भित्रा नव्हता. त्याचा हात मोडला होता."

"काय बोलला तो?"

"नाई सांगणार."

मी पाण्यात होते, घोटा ठणकत होता, त्याच्या दोन बोटांवर माझा भरवसा होता, तरी मी अडकवायचं ते अडकवलंच. मी विचारलं, "तुले नलू पाह्यजे का नाई?"

"पाह्यजे."

"मग सांग. आत्ता सांग, अन् माणसं यायच्या आत तुह्यी सोयरीक पक्की. नाईतर ती हिंगणीले गेली असं समज."

तो वर त्या गोल आकाशाकडे पाहत राहिला. त्याचे ओठ निळे पडले होते. थंडीने म्हणा, नाहीतर…

"नलू मले पाह्यजे," तो हळूच म्हणाला. "लय पाह्यजे. पण नाई सांगणार, मावशी."

मग माणसं आली. चार नाड्यांना बांधून बाज खाली सोडली, त्याने मला तिच्यावर बसवलं आणि मी मखरातल्या देवीसारखी वर आले. अर्धं वडनेर जमलं होतं.  नलूने मला कवटाळलं आणि मग कोरडा पंचा घेऊन ती विहिरीच्या तोंडाशी उभी राहिली. तो खोबण्यांवरून चढून आला, तिने पंचा पुढे केला, त्याने धरला, आणि पंच्याची दोन टोकं दोघांच्या हातांत कितीतरी वेळ तशीच राहिली. चारचौघांत. माझ्या अंगात शक्ती असती तर बोलले असते.

रूपरावांनी विचारलं, हे झालं कसं, आणि जाकीट विहिरीत कुठून आलं? आता सांगणार हा, मला वाटलं. म्हातारीने उलटं घातलं, पोरीचं ऐकलं नाही, पाण्यात असं असं ओरडली. जाकीट मुळात उलटं शिवलेलं आहे, हे मी आजही म्हणते. पण तेव्हा ते कोणी ऐकलं नसतं, गावाने मला जन्मभर हसून घेतलं असतं.

"मावशीचा पाय घसरला," तो म्हणाला. "मी नुसता सोबत होतो."

एवढंच. चारचौघांत एवढं बोलला म्हणून मी फसणारी नाही. घरी जाऊन मामीला सांगेल, मला खात्री होती. घोट्याला हळद बांधून मी वाट पाहिली. सुलोचना बघायला आली तेव्हा तिला आडून आडून विचारलं, भाचा काय म्हणाला? ती म्हणाली, विहीर खोल आहे म्हणाला. पिठाच्या चक्कीवर गावातली प्रत्येक गोष्ट पोचते, तिथे मी मुद्दाम आमच्या घरकामाच्या जिजाबाईला दळण घेऊन पाठवलं. तिने परत येऊन सांगितलं, तिथे माझं नावही नाही. मला चैन पडेना. एवढी हसण्यासारखी गोष्ट पोटात ठेवून माणूस जेवतो कसा, झोपतो कसा?

शेवटी मी नलूला पाठवलं. म्हटलं, भिंतीशी जा आणि विचार त्याला, माय पाण्यात काय ओरडली. ती चकित होऊन माझ्याकडे पाहत राहिली, पण गेली. मी शेंगा घेऊन बसले.

तिने विचारलं. तो म्हणाला, नाही सांगणार.

"मलेबी नाई?"

"नाई."

"लग्न झाल्यावर?"

 पाऊस थांबला होता, पानांवरून पाणी मात्र अजून ठिबकत होतं.

"तवाबी नाई," तो म्हणाला.

"मग मी काऊन करू लग्न तुमच्यासंग?" नलूचा आवाज हसत होता, पण नीट ऐकलं तर हसत नव्हता.

"तुह्याबी गोष्टी अशाच राह्यतील म्हणून… तू घाबरशील तवाच्या. तू रडशील तवाच्या. कोणाच्या कानावर नाई जाणार."

 तिने भिंतीवर हात ठेवला, तळवा वर करून. मला त्या बाजूचं दिसत नव्हतं. तिचे कान लाल झाले तेवढे दिसले.

मी शेंगांचं सूप खाली ठेवलं, काठी घेतली आणि लंगडत भिंतीपर्यंत गेले. नलूने हात झटकन मागे घेतला. तो पलीकडे सरळ उभा राहिला, पोलिसापुढे उभं राहावं तसा. सुट्टी संपत आली होती, बॅग भरलेली ओसरीवर दिसत होती. हिंगणीकर माझ्या निरोपाची वाट पाहत होते. मी त्याला वरून खालपर्यंत पाहून घेतलं. खोट सापडते का म्हणून शेवटचं पाहिलं.

"ओमप्रकाश," मी म्हटलं, "मी तुले पहिल्या दिवसापासून तपासून राह्यली. पाण्यात तपासलं, चक्कीवर तपासलं, आता माह्या पोट्टीकडून तपासलं. तू भरवशाचा निघाला. भरवशाच्या माणसावर संशय घेता येत नाई, म्हणून तू मले आवडला नाई, अन् पुढंबी आवडशील असं वाटत नाई. पण नलू मी तुले देते. दसऱ्याले साक्षगंध, तुह्या बापाले घेऊन येजो."